परक्या प्रार्थनेतलं नाव

दोह्यात मुऐदरला आम्ही एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या भागात भाड्यानं राहतो. पुढच्या अंगणात घरमालकांची मजलिस आहे, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीची खोली. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तिथं माणसं जमू लागली की कुणीतरी निखाऱ्यावर बखूर टाकतं, आणि अत्तरात मुरलेल्या त्या लाकडाचा धूर भिंत ओलांडून सरळ आमच्या स्वयंपाकघरात येतो. एरवी मी खिडकी लावून घेते, कारण फोडणी आणि बखूर यांचं आपसात कधीच जमत नाही. परवा मात्र खिडकी लावायचं राहून गेलं. हातात उलथनं धरून मी तशीच उभी राहिले. मुलगी आत येऊन म्हणाली, "आई, समथिंग इज बर्निंग," तेव्हा कुठं कळलं की कढईतली भाजी पार खाली लागली आहे.

त्या वासानं मला शहरातल्या अल नस्र भागातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत नेऊन सोडलं होतं. तिथं एक गृहस्थ राहत. वसईचे कॅथलिक, एका इस्पितळाच्या कचेरीत त्यांची हयात गेली. पत्नी लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. इस्पितळातल्या नर्सेस त्यांना अंकल म्हणायच्या, मी काका म्हणायचे. तरुणपणी ते धर्मगुरू व्हायला निघाले होते, सेमिनरीत काही वर्षं काढलीही. पण दीक्षा घ्यायच्या आधीच बाहेर पडले. का, असं विचारलं की म्हणायचे, "आज्ञापालन जमलं, पहाटे उठणं जमलं नाही." त्या सेमिनरीत एका म्हाताऱ्या युरोपियन फादरनं त्यांना एक विलक्षण नाद लावून दिला होता. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतल्या वीरकाव्यांचा. जिला आजचा इंग्रजसुद्धा ओळखणार नाही अशी ती खडबडीत भाषा काका वसईच्या मऊ जिभेनं अशी काही म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आपल्या आजोळची भाषा बोलतो आहे.

आमच्या बी.ए.ला या काव्यांसाठी अर्धं प्रकरण होतं आणि ते ऑप्शनला टाकायचं असतं, असा सांगलीकडचा रिवाज होता. मीही तो इमानेइतबारे पाळला होता. पुढं इथं येऊन शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, आणि एका सहकारी बाईंनी मला काकांच्या शुक्रवारच्या बैठकीला नेलं. मी गेले ती केवळ मराठी बोलायला मिळेल म्हणून, आणि पुढं कैक वर्षं जात राहिले. खोलीत टेबल नव्हतं, खुर्च्या नव्हत्या. चारी भिंतींलगत गाद्या, मध्ये मोकळी जागा आणि कोपऱ्यात बखुराची मातीची धुपाटणी. "राजाचा दिवाणखाना असाच असायचा," काका सांगायचे, "मध्ये आग, भिंतीला टेकून माणसं. इथल्या लोकांनी तो अजून जपलाय. आपण उगाच सोफे घेतले." मद्याच्या शिंगाऐवजी आमच्याकडे पेल्यातून कडक चहा फिरायचा. चहा करायची ती वसईचीच एक नर्स, आणि पिऊन पुन्हा मागायचा तो साताऱ्याकडचा एक क्रेन ऑपरेटर. तो दूर रास लफानच्या गॅस प्रकल्पावर असायचा आणि सुटीच्या दिवशी कंपनीच्या बसनं खास यायचा. त्याला काव्यातलं काही कळत नाही असं तो दर खेपेला शपथेवर सांगायचा आणि सगळ्यांत जास्त प्रश्न तोच विचारायचा.

त्या काव्यांतलं जग फार कडक आहे. राजा सोन्याची कडी वाटतो, आणि ज्याच्या हातात कडं पडलं त्यानं रणात राजाच्या बाजूला उभं राहायचं. पण खरा कस लागतो तो रणाच्या आधी, दिवाणखान्यात. पेला हातात घेऊन माणूस उठतो आणि सगळ्यांच्या देखत सांगतो की मी हे करीन. बस्स. एकदा बोलला की त्याची सुटका नाही. करून दाखवायचं नाहीतर करता करता मरायचं. काका हे सांगताना आवाज खाली आणायचे, आणि ऐन संकटात जे सोबती रान गाठतात त्यांच्यापाशी आले की थांबायचे.

"मग त्यास्नी काय केलं?" क्रेन ऑपरेटरनं एकदा विचारलं. "टर्मिनेट?"

"काही नाही. त्यांचं नाव गेलं."

"निस्तं नाव?"

"नुसतं नाव."

त्यानं पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "लईच झालं की मग."

दुसऱ्या एका शुक्रवारी काका सांगत होते की हे लोक नुकते कुठं ख्रिस्ती झाले होते, आणि मार खाणारा देव त्यांच्या पचनी पडेना. म्हणून त्यांनी ख्रिस्तालाच तरुण योद्धा केलं. त्याला कुणी क्रुसावर चढवत नाही, तो कंबर कसून आपण होऊन चढतो. बारा शिष्य म्हणजे त्याचे बारा सरदार. "मग ते बारा जण लढलं असतील," क्रेन ऑपरेटर खुशीत येऊन म्हणाला. "पळाले," काका म्हणाले. यावर कोपऱ्यात पेले विसळणारी नर्स मान वर न करता म्हणाली, "बाया थांबल्या." खोलीत असा हशा उसळला की शेजारच्या फिलिपिनो कुटुंबानं भिंतीवर थापा मारल्या.

माझं आणि काकांचं भांडण एकाच माणसावरून व्हायचं, आणि त्या माणसाचं नावही कुणाला माहीत नाही. ही काव्यं ज्यानं कातड्यावर उतरून काढली तो मठातला साधू. नायक ख्रिस्ताचं नावही न ऐकलेला, आणि हा लेखणीबहाद्दर त्याच्या तोंडी देवाचे आभार घालतो. लढाई जिंकली की देवाची कृपा, हरली की देवाची इच्छा, राक्षसाचं कूळसुद्धा नेऊन बायबलातल्या पहिल्या खुन्याला चिकटवलेलं. मी म्हणायचे, ही शुद्ध भेसळ आहे. हा साधू खरवडून काढला तर खाली अस्सल वीर सापडेल. काका हसायचे. "कांदा आहे हा, बाय. सोलत गेलीस तर हाती काय राहील?" मग एकदम गंभीर व्हायचे. त्या साधूच्या धर्माप्रमाणं हा वीर बाप्तिस्मा न घेता मेला होता, म्हणजे कायमचा हरवला होता. त्याच्यासाठी प्रार्थना करायचीसुद्धा सोय नव्हती. "आणि तरी हा बसून लिहितोय. मठात, थंडीत. बाहेरच्या माणसाला आत घ्यायला त्याला दुसरा दरवाजाच सापडला नाही, म्हणून हे आभार." मला हा युक्तिवाद लबाड वाटायचा, आणि मी तसं त्यांच्या तोंडावर सांगायचे.

लबाडी ओळखायची नजर मला वडिलांकडून मिळाली आहे. बाबा तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवायचे, आणि त्यांच्याइतका निष्ठावंत नास्तिक मी पाहिला नाही. आमच्या घरात देव्हारा नव्हता. आईनं कपाटात ठेवलेली अन्नपूर्णा त्यांना माहीत होती, आणि माहीत नसल्यासारखं करणं एवढीच त्यांची तडजोड. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेत निरोप समारंभ झाला. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि उत्तरादाखल बाबा उभे राहिले. ते म्हणाले की मी मेल्यावर माझा देह मेडिकल कॉलेजला द्यायचा. दहावं-तेरावं नाही, श्राद्ध नाही, फोटोला हार नाही. माझं नाव कुठल्याही देवापुढं घ्यायचं नाही. मग भरल्या सभेत त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हे तू बघायचंस. देतेस शब्द?" आत्या माझ्या शेजारी बसली होती, तिनं माझा दंड घट्ट धरला. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "दिला शब्द." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला अभिमान वाटला होता, हे मी इथं लपवत नाही.

पुढं एका हिवाळ्यात बाबा दोह्याला आले आणि मी त्यांना काकांच्या बैठकीला नेलं. मला वाटलं होतं आता जुंपणार. जुंपलीच. बाबांना ते वीर फार आवडले आणि साधू अजिबात आवडला नाही. "तुमचा तो साधू चोर आहे," ते काकांना म्हणाले, "दुसऱ्याच्या पराक्रमावर आपल्या देवाचा शिक्का मारतो." काका म्हणाले, "चोर खरा. पण मास्तर, त्यानं चोरलं म्हणून तर तुम्हाला मिळालं." बाबा इतके मोठ्यानं हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर महिनाभर दर शुक्रवारी मी घरी राहिले तरी बाबा टॅक्सी करून अल नस्रला जाऊ लागले. परत जाताना विमानतळावर मला म्हणाले, "तुझा हा काका देवभोळा आहे, पण माणूस खणखणीत."

दोन वर्षांनी बाबा गेले. मी मिळेल त्या विमानानं निघाले. घरी पोचले तर आत्यानं गुरुजींना सांगून ठेवलं होतं, पाट मांडला होता. मी तो पाट उचलून भिंतीला टेकवला. आत्या रडली, ओरडली, मला नको ते बोलली. शेवटी माझे पाय धरायला वाकली. माझ्या डोळ्यांपुढं सारखी ती सभा होती. मेडिकल कॉलेजची गाडी आली आणि बाबांना घेऊन गेली. कुठं अस्थी नाहीत, कुठं दिवा नाही. ज्या दारातून ते गेले त्या दाराशी मी खूप वेळ उभी होते आणि मनात म्हणत होते, बाबा, झालं तुमच्या मनासारखं. आत्या त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

इथं परत आल्यावर काकांनी माझं सांत्वन असं काही केलंच नाही. नुसता चहा पुढं केला. मला ते बरं वाटलं. बैठका चालू राहिल्या. मग एका नोव्हेंबरात काका म्हणाले, "आमची मराठी मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, तू कधी ऐकली नाहीस ना? ये एकदा. भाषेसाठी ये." नोव्हेंबर हा त्यांच्याकडे मृतांचा महिना असतो, हे मला नर्सनं वाटेत सांगितलं. शहराबाहेर चर्चसाठी दिलेल्या त्या आवारात निरनिराळ्या भाषांतल्या लोकांची ही गर्दी उसळलेली; आमची मराठी मंडळी एका लहान सभागृहात होती. मी मागच्या बाकावर बसले. आणि खरंच, ती भाषा सुंदर होती. इतकी निर्मळ, इतकी संथ मराठी मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. मी डोळे मिटून ऐकत होते. आपल्याला सोडून गेलेल्यांची नावं फादर वाचू लागले. आंतोन, फिलोमिना, पेद्रू, अशी वसईची नावं एकामागून एक येत होती, आणि त्यांत माझ्या वडिलांचं नाव आलं.

आडनावासकट आलं. मला आधी वाटलं की मला भास झाला. मग वाटलं, दुसरं कुणी असेल; पण हे आडनाव त्या सभागृहात दुसऱ्या कुणाचं असणार? सगळी माणसं एका सुरात म्हणाली, आमची प्रार्थना ऐक. बाबांसाठी म्हणाली. आत्या वाकली तरी मी बधले नव्हते, पाट उचलून ठेवला होता, आणि इथं अरबी वाळवंटात शंभर अनोळखी लोक माझ्या नास्तिक बापासाठी गुडघे टेकत होते. मी समोरच्या बाकाची कड धरून बसले.

बाहेर पार्किंगमध्ये मी काकांना गाठलं. ऊन डोक्यावर होतं, माणसं बसकडं धावत होती.

"काका, हे काय केलंत तुम्ही?"

त्यांनी न कळल्याचं सोंग केलं नाही. "दर नोव्हेंबरात देतो मी नाव. ते गेले तेव्हापासून."

मी पुन्हा हादरले. म्हणजे हे पहिल्यांदा घडलं नव्हतंच. "आणि मला इथं ऐकायला बोलावलंत?"

"चोरून करत होतो ते बरं वाटेना, बाय. सांगायचा धीर होईना. म्हटलं, कानानं ऐकेल."

"त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता! भर सभेत घेतला होता!"

"तुझ्याकडून घेतला होता. माझ्याकडून कुठं घेतला?"

मला संताप आला. "तुमचा तो साधूच आहात तुम्ही," मी म्हणाले, "चोर!" काकांचा चेहरा पडला. रुमालानं त्यांनी चष्मा पुसला, उगाचच. मग म्हणाले, "मी त्यांच्यासाठी काही मागितलं नाही गं. स्वर्ग नाही, काही नाही. मास्तरांना ते आवडलं नसतं. माझी सगळी माणसं आत असताना त्यांना एकट्याला बाहेर उभं करवेना मला, एवढंच."

आज मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवते. त्या दिवशी ते नीट ऐकूनही घेतलं नाही. मी शिक्षकाची मुलगी होते आणि शब्दाची पक्की होते. मी म्हणाले, "यापुढं त्यांचं नाव द्यायचं नाही. मला शब्द द्या." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बसच्या ड्रायव्हरनं "यल्ला, यल्ला" म्हणून दोनदा हॉर्न वाजवला. काका म्हणाले, "दिला शब्द. खलास."

बैठका त्यानंतरही झाल्या. मीही जात राहिले. काका पूर्वीसारखेच वाचायचे, फक्त साधूचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मला एकटीला वाद घालण्यात गोडी उरली नाही. मग त्यांची नोकरी संपली, व्हिसाही संपला, आणि ते वसईला आपल्या पुतण्याकडं गेले. फोनवर बोलायचे. विहिरीचं पाणी, केळीच्या बागा, गुडघे. या पावसाळ्यात ते गेले. नर्सनं मला फोन करून सांगितलं आणि ती रडायला लागली. मी मात्र फेरपरीक्षांचे पेपर तपासत बसले, कारण दुसरं काय करायचं हे मला सुचेना.

मग नोव्हेंबर आला, आणि परवाच्या आधीच्या शुक्रवारी तिचा पुन्हा फोन आला. "ताई, अंकलचं नाव घेणार आहेत. याल ना?" मी गेले. तेच सभागृह, तोच मागचा बाक. क्रेन ऑपरेटरही आला होता, धुतलेला पांढरा शर्ट घालून, हात नक्की कुठं ठेवायचे ते न कळून. नावं सुरू झाली. काकांचं नाव मध्येच कुठंतरी आलं, आणि मी मान खाली घातली. ज्यासाठी आले होते ते झालं होतं. फादर पुढं वाचत होते. आणि मला हळूहळू, भीती वाटावी इतकं स्पष्ट कळत गेलं की मी अजून कान देऊन बसले आहे. माझी पाठ ताठ झाली होती. प्रत्येक नावाच्या आधी श्वास अडत होता. मी वाट पाहत होते.

शेवटचं नाव झालं. आमची प्रार्थना ऐक, सगळे म्हणाले, आणि दुसरं काही सुरू झालं. बाबांचं नाव आलं नाही. येणार कसं? बाबांनी जे सांगितलं ते मी केलं होतं. मी जे मागितलं ते काकांनी पाळलं होतं. पळून जाणारं आमच्यात कुणीच निघालं नाही, आणि म्हणूनच आता या जगात असं एकही ठिकाण राहिलं नव्हतं की जिथं माझ्या वडिलांचं नाव कुणी मोठ्यानं उच्चारेल. मेडिकल कॉलेजच्या गाडीपाशी जे रडू आलं नव्हतं ते मला तिथं आलं, आणि ते आवरणं माझ्या हातात नव्हतं.

नर्सनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, काकांसाठी. जरा वेळानं ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ताई, संध्याकाळी अजून एक मिस्सा आहे. तुमचं कुणाचं नाव द्यायचं असेल तर मी सांगते फादरना."

माझ्या तोंडात ते नाव तयार होतं. आडनावासकट.

"नाही," मी म्हणाले, "माझं कुणी नाही."